अत्तेंचा पाय आणि रिकामी बाटली

आपल्या भागात सगळ्यात आनंदाचा सण कुठला, असं मला विचारलं तर मी दिवाळी म्हणणार नाही, येळवस म्हणेन. उदगीर-लातूरकडे येळवस, इकडे येळ्ळ अमावस्ये. नाव थोडं बदलतं, भज्जीची चव तीच. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला गावं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, बाजरीचे उंडे, माठातलं आंबील. हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

माझं माहेर उदगीरचं, सासर भालकी तालुक्यातलं. माहेरी मराठी, सासरी कन्नड, आणि दोन्ही घरांत भांडताना उर्दू! लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना काय म्हणायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, यांच्याकडे अत्ते. मी फक्त तोंड जरा कमी उघडायला शिकले.

तर या अत्ते येळवसेला शेतात चप्पल घालत नाहीत. बांधाशी आलं की चप्पल काढायची, कपाळाला माती लावायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. चाळीस वर्षांपेक्षा जास्त काळ त्यांनी हा नेम पाळला. ११ जानेवारी २०२४ च्या येळवसेलाही पाळला. आमचं शेत रस्त्याला लागून आहे. पूर्वी ती बैलगाडीची वाट होती, नंतर डांबरी झाली, आता रुंद झाली आहे. पूजा झाली, जेवणं झाली, शेजारपाजारच्या शेतांतली माणसं जेवून गेली. संध्याकाळी घरी आल्यावर माझी मुलगी म्हणाली, "अज्जी, तुझ्या पायाला काय लागलंय?" फरशीवर उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लाल ठिपके उमटले होते.

अत्तेंना साखरेचा आजार आहे. पायाची संवेदना कमी झाल्यामुळे काच घुसलेली त्यांना कळलीच नव्हती. दिवसभर त्या त्याच पायावर वावरल्या होत्या. मी पाय हातात घेतला तर म्हणाल्या, "एनिल्ल बिडु." काही नाही, सोड. करंगळीच्या खाली, नखाएवढा तपकिरी काचेचा तुकडा. बाटलीच्या बुडाचा असावा, त्याला थोडा बाक होता.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ज्यांच्या घरी साखरेचा पेशंट आहे त्यांना ते माहीत आहे आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना वाचवणार नाही. तुकडा काढला, जखम भरल्यासारखी वाटली, मग आतून चिघळली. आधी गावात, मग भालकीला, मग मोठ्या शहरात. शेवटी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. मार्च उजाडला होता. मी परीक्षेचे पेपर दवाखान्याच्या बाकावर बसून तपासले. अत्ते शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "जोडवी कुठं घालू आता?" मी हसले, आणि मग बाहेर जाऊन रडले. आई फोनवर म्हणाली, "कशाला रडूलालीस? जीव वाचला की." खरंच वाचला. पण माझ्या डोक्यातून ती तपकिरी काच जाईना.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. एखाद्या वस्तूचा खर्च विकणाऱ्याच्या हिशेबात येत नाही, घेणाऱ्याच्याही येत नाही, तिसऱ्याच माणसाच्या माथी बसतो, हा धडा मी गेली कित्येक वर्षं फळ्यावर मांडते. कारखान्याचा धूर, नदीतलं सांडपाणी अशी पुस्तकातली उदाहरणं देते. आता घरातच एक उदाहरण लंगडत होतं. कुणीतरी दारू विकली, कुणीतरी प्यायली, बाटली रस्त्यावरून भिरकावली. दोघांचा व्यवहार तिथं संपला. दवाखान्याचं बिल आम्ही भरलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका रविवारी मी, आमचे हे आणि मुलगी जाड बूट घालून रस्त्याकडेचा आमचा बांध साफ करायला गेलो. दुपारपर्यंत तीन पोती भरली. क्वार्टरच्या बाटल्या, बिअरच्या बाटल्या, स्वस्त दारूची कागदी पाकिटं, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटल्या. मुलगी उत्साहानं ढीग वेगवेगळे करत होती. माझ्या लक्षात आलं, त्या तीन पोत्यांत शीतपेयाची एकही जुनी, परत करायची काचेची बाटली नव्हती. आणि मला एकदम दादांचं दुकान आठवलं.

दादा म्हणजे माझे वडील. उदगीरला आमचं छोटं किराणा दुकान होतं. उन्हाळ्यात दारात थंड बाटल्यांचे लाकडी क्रेट यायचे. गोल्डस्पॉट, लिम्का, थम्सअप. बाटली तिथंच उभं राहून प्यायची. घरी न्यायची असेल तर डिपॉझिट ठेवायचं. पैसे नसतील तर दादा वहीत नाव लिहायचे आणि त्यापुढं नुसता एक उभा दांडा काढायचे. बाटली आली की दांड्यावर आडवी रेघ. लग्नाच्या हंगामात क्रेटच्या क्रेट जायचे आणि मांडव उतरायच्या आधी दादा मला रिकाम्या मोजायला पाठवायचे. एखादी कमी भरली की वधूपिता नवरदेवाच्या मित्रांना मंडपामागं शोधायला लावी! अत्तेंच्या गावातही असंच होतं. स्टँडवरचा हॉटेलवाला ओरडून सांगायचा, "बाटली तंद्र रोक्क वापस!" बाटली आणली तर पैसे परत. गोटी सोड्याच्या बाटलीची तर कथाच नको. तिच्यातली गोटी काढायला आम्ही भावंडं जीव टाकायचो आणि दादा तिला डोळ्यांत तेल घालून जपायचे.

तेव्हाची माणसं आमच्यापेक्षा शहाणी होती, पर्यावरण जपणारी होती, असं काही मी म्हणणार नाही. रस्त्यावर ती आजच्यासारखीच थुंकायची. बाटली परत यायची ती एकाच कारणानं. ती कंपनीच्या मालकीची होती, धुऊन पुन्हा भरायची होती आणि आतल्या सरबतापेक्षा महाग होती. त्यासाठी कुणा सरकारनं कायदा केला नव्हता, कंपनीच्या फायद्यासाठी कंपनीनंच व्यवस्था उभी केली होती. मग प्लास्टिकची बाटली आली. ती इतकी स्वस्त की परत घेण्यात कंपनीला काही उरलं नाही. त्याच दिवशी बाटली तुमची-आमची झाली. कचरा आपला, गटार तुंबलं तर आपलं, आणि पायही आपलाच. म्हणून मला वाटतं, पूर्वी फायद्यानं जे होत होतं ते आता कायद्यानं करावं लागेल.

जगात हे नवं नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यानं १९७१ मध्ये बिअर आणि शीतपेयांच्या बाटल्या-डब्यांवर सक्तीच्या डिपॉझिटचा कायदा केला. त्यांनाही तो पुढं वाढवावा लागला. पाण्याच्या बाटल्या २००९ मध्ये आत घेतल्या, पाच सेंटची रक्कम २०१७ मध्ये दहा केली, कारण पाच सेंटसाठी कुणी वाकेना. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या डब्या-बाटल्यांवर २५ सेंट डिपॉझिट आहे. आपल्या पैशात वीस-पंचवीस रुपये. माझा भाचा तिकडं शिकतो. आठवड्याची खरेदी करायला तो रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊनच निघतो. "मावशी, इथं बाटली फेकणं म्हणजे नोट फेकणं," असं तो मला सांगतो. घरी असताना हाच मुलगा स्वतःचं ताट उचलत नव्हता.

परदेशाचं कौतुक पुरे. आपल्या शेजारी पाहा. तामिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात जंगलातल्या प्राण्यांचे पाय फुटक्या बाटल्यांनी कापले जात होते. मद्रास उच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि मे २०२२ पासून तिथल्या सरकारी दारू दुकानांत बाटलीमागं दहा रुपये जादा घेऊन, रिकामी आणली की परत द्यायला सुरुवात झाली. दहातल्या नऊहून अधिक बाटल्या परत येऊ लागल्या. मग ती योजना इतर जिल्ह्यांत पसरली. केरळनं सप्टेंबर २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम आणि कण्णूरमधल्या काही दुकानांत वीस रुपये घ्यायला सुरुवात केली. गोव्यानं २०२४ मध्ये डिपॉझिट परताव्याची योजनाच अधिसूचित केली. केदारनाथच्या वाटेवर २०२२ पासून प्लास्टिक बाटलीवर दहा रुपयांचं क्यूआर कोडचं लेबल लागलं. हत्तीच्या पायाची काळजी घेणारा देश अत्तेंच्या पायाची घेणार नाही, असं मी तरी मानत नाही.

मात्र आपला दुसरा शेजारी, माझ्या माहेरचा महाराष्ट्र, यात नापास झाला आणि ते लपवून उपयोग नाही. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत लिटरच्या बाटलीवर एक रुपया आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीवर दोन रुपये परतीची किंमत छापायची, असं ठरलं होतं. तेव्हापासून मी उदगीरला कितीदा गेले-आले, स्टँडवर पाणी घेतलं. तो रुपया मला कधीच कुणी परत दिला नाही. एकदा मुद्दाम रिकामी बाटली पुढं केली तर दुकानदार म्हणाला, "बाई, डस्टबिन तिकडं हाय." त्याचंही काय चुकलं? बाटली घेऊन त्यानं ठेवायची कुठं, पुढं द्यायची कुणाला, त्याचा रुपया त्याला कोण देणार, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि एक रुपयासाठी आज कोण परत फिरतं? कायद्यात रक्कम लिहिली म्हणजे व्यवस्था झाली असं नसतं, हे मी विद्यार्थ्यांना आता याच उदाहरणानं शिकवते. केंद्राच्या २०२२ च्या नियमावलीतही उत्पादक अशी डिपॉझिट योजना राबवू 'शकतात', असं म्हटलं आहे. 'शकतात' आणि 'राबवलीच पाहिजे' यांत जो फरक आहे तोच आमच्या बांधावर तीन पोती भरून सापडला.

या विषयावर आमच्या घरात चांगलाच वाद झाला. आमचे हे म्हणाले, "दारू पिणारा दहा रुपये जादा कुठून देणार? बायकोच्या डब्यातूनच काढणार ना?" हा प्रश्न मला निरुत्तर करून गेला. आमच्या गल्लीतली दोन घरं माझ्या डोळ्यांपुढं आली. मग मी म्हटलं, ते दहा रुपये बाटलीत अडकलेले असतात, पोटात जात नाहीत. नवरा बाटली टाकून झोपला तर सकाळी बायको ती परत करून दहा रुपये सोडवू शकते. यांना ते पटलं नाही. "म्हणजे बायको-पोरं वाइन शॉपच्या रांगेत?" तेही खरंच. लहान पोराच्या हाती रिकामी बाटली देऊन दारूच्या दुकानात पाठवणं हे मला कायद्याच्या नावाखालीही नको. म्हणून माझं म्हणणं असं की, परत घेण्याची जागा दारू दुकानापुरती असू नये. दूध संकलन केंद्र चालेल, किराणा दुकान चालेल, ग्रामपंचायतीच्या कचरा गाडीवर चालेल. घेणाऱ्याला प्रत्येक बाटलीमागं हाताळणीचे पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर त्याचा उदगीरचा दुकानदार होईल. तामिळनाडूतही दुकानांतल्या कामगारांनी याच तक्रारी केल्या आहेत. काम वाढलं, जागा नाही, माणसं नाहीत.

आपल्याकडे आणखी एक गाठ आहे, ती चेन्नईत किंवा तिरुवनंतपुरमला बसून कुणाला दिसणार नाही. बीदर जिल्हा तीन राज्यांच्या सांध्यावर. सकाळी औरादला असलेला माणूस दुपारी देगलूरला आणि संध्याकाळी जहिराबादला असतो. जिथं स्वस्त तिथून बाटली येते. उद्या कर्नाटकानं दहा रुपये परत द्यायला सुरुवात केली तर पलीकडच्या, डिपॉझिट न भरलेल्या बाटल्या पोत्यांनी इकडं येतील, हे सांगायला अर्थशास्त्राची एम. ए. लागत नाही. जर्मनी आणि डेन्मार्कच्या सीमेवरही डब्यांच्या डिपॉझिटचा असाच घोळ आहे. यावर उपाय म्हणून डिपॉझिट भरलेल्या बाटलीवर वेगळी खूण हवी. कर्नाटकात दारूची घाऊक विक्री २००३ पासून एकाच सरकारी महामंडळामार्फत होते आणि अबकारी खात्याचं लेबल बाटलीवर असतंच. तिथंच ही खूण बसवता येईल. आणि खरं तर तिन्ही राज्यांनी मिळून केलं तर भांडणच मिटलं. पण सीमाभागातल्या माणसानं तीन राज्यांच्या एकमताची वाट पाहत बसू नये, हे आपल्याइतकं कुणाला कळतं?

कागदी पाकिटांचं विसरू नका. नुसत्या काचेवर डिपॉझिट लावलं की सगळे पाकिटाकडं वळतील. पाकीट पायात घुसत नाही हे मान्य, पण आमच्या शेजाऱ्यांची म्हैस कडब्याबरोबर काय काय खाते ते तिलाच ठाऊक. पाण्याच्या बाटल्याही आत हव्यात. गाणगापूरला संगमावर दर्शनाला गेलेल्या कुणालाही विचारा, भीमा-अमरजेच्या पाण्यात फुलांच्या जोडीनं काय तरंगतं ते.

आमची ती तीन पोती घेऊन हे भंगारवाल्याकडं गेले होते. धड बाटल्यांचे त्यानं रुपया-दोन रुपयांच्या भावानं पैसे दिले. फुटकी काच आणि पाकिटं त्यानं यांच्याच अंगावर परत ढकलली. तिथं एक बाई आपलं पोतं घेऊन उभ्या होत्या. पहाटे चारला उठून भालकीच्या रस्त्यांवर वेचतात. मी पुढं एकदा त्यांना गाठून विचारलं, अक्का, बाटलीला दहा रुपये झाले तर बरं ना? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दहा झाले तर लोक टाकतील कशाला? मग मला काय राहील?" आणि थोड्या वेळानं, "पण टाकली तर दहाची सापडेल, नाही?" त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का होता. जर्मनीत लोक आपल्या बाटल्या कचरापेटीत न टाकता बाहेर कडेला ठेवतात, वेचणाऱ्यांना हात घालावा लागू नये म्हणून, असं भाचा सांगतो. पण अशा मेहेरबानीवर कुणाचं पोट चालू नये. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली, आणि पुढं त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेला महापालिकेचं काम मिळालं. आपल्याकडे कायदा झालाच तर बाटल्या गोळा करायच्या केंद्रांवर पहिला हक्क या अक्कांचा असावा. त्यांच्या हाताला झालेल्या जखमा मी मोजायला गेले नाही, त्यांनी पदराखाली हात घेतला.

तर गेल्या वर्षी आम्ही काही जणींनी मिळून एक निवेदन तयार केलं. आमदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना. कन्नडमध्ये एक, मराठीत एक. कन्नड मसुदा माझ्या नणंदेनं लिहिला, मराठी मी. 'डिपॉझिट'ला कन्नडमध्ये 'ठेवणी' म्हणावं आणि मराठीत 'अनामत' म्हणावं यावर आमची अर्धी संध्याकाळ गेली. शेवटी दोन्हींत 'डिपॉझिट'च ठेवलं, सगळ्यांना कळतं ते. मागण्या मोजक्या. दारू, शीतपेय आणि पाणी, तिन्हींच्या काच, प्लास्टिक आणि पाकिटांवर परत मिळणारं डिपॉझिट. रक्कम परत फिरावंसं वाटेल एवढी. परत घेणाऱ्याला मोबदला. आणि परत न आलेल्या बाटल्यांचे पैसे कंपनीच्या खिशात न जाता गावाच्या साफसफाईला. येळवसेच्या आदल्या आठवड्यात सह्या गोळा केल्या. अत्तेंनी कन्नडमध्ये सही केली, उदगीरहून आलेल्या दादांनी मराठीत. ते इथले मतदार नाहीत, त्यांची सही चालणार नाही, असं मी म्हटलं. दादा म्हणाले, "बाटली कुठं आधार कार्ड दाखवून येते?" सही राहू दिली. निवेदन दिलं, पोच मिळाली. उत्तर अजून नाही. अत्ते महिन्याला एकदा विचारतात.

त्या येळवसेला अत्ते शेतात आल्या. डॉक्टरांनी दिलेले जाड तळाचे बूट पायात, वर इरकल साडी. बांधाशी थांबल्या आणि बूट काढायला खाली वाकल्या. मी "अत्ते, नको" म्हटलं. यांनी आदल्या दिवशी बांधापासून कोपीपर्यंतची वाट खराट्यानं झाडून, त्यावर कडबा पसरून ठेवला होता. मला सांगितलंही नव्हतं. अत्तेंनी वाटेकडं पाहिलं, लेकाकडं पाहिलं, माती कपाळाला लावली आणि बूट न काढताच चालू लागल्या. कोपीत पांडवांसमोर बसल्यावर मात्र त्यांनी ते काढले आणि आठ बोटांचे पाय पदराखाली घेतले.

मुलगी तोवर रस्त्याच्या बाजूनं एक चक्कर मारून आली होती. तिच्या हातात एक क्वार्टरची बाटली होती, धड. "आई, ही कुठं ठेवू?"

बांधावरच्या दगडाला टेकवून उभी ठेव म्हटलं. पहाटे कुणी अक्का आल्या तर त्यांना दिसेल.